एका चुलीची माणसं

धुवायला आलेल्या कपड्यांकडे नुसतं बघून आक्का सांगायची, हा माणूस आज खाणीत कुठे होता. नव्या गल्लीतला कोळसा कोरडा. सदरा झटकला की काळा धूर निघायचा. उतारावरच्या गल्लीत वरून पाणी ठिबकायचं, तिथून आलेल्याचे खांदे गंजाच्या रंगाचे व्हायचे. आणि जुन्या भागात, जिथला कोळसा काढून झाला होता आणि छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचेच जाडजूड खांब तेवढे उरले होते, तिथे पायाखाली राखाडी माती होती, लोण्यासारखी गुळगुळीत. ती विजारीला लागली की साबणाला दाद देत नसे. लाईनीतल्या सगळ्याच बायकांना एवढं कळायचं, पण आक्का त्याची बढाई मारायची.

"आमच्या ह्यांनी आज कुठे बसून तंबाखू मळली तेसुद्धा सांगेन," ती म्हणायची.

"आणि कुणाबरोबर मळली?" शेजारची लोहारीण विचारायची.

"ते तुझ्या नवऱ्याचे कपडे बघून सांगते."

लाईन म्हणजे खाणवाल्यांनी बांधलेली घरांची ओळ. दोन घरांत एकच भिंत, तीही इतकी पातळ की इकडे कुणी खोकलं तर तिकडून पाणी हवं का म्हणून विचारायचे. पुढच्या खोलीत चूल आणि आंघोळीचं घंगाळ, मागच्या खोलीत झोपायचं. मागची खिडकी उघडली की समोर खाणीतून काढलेल्या दगडमातीचा ढीग. तो दर वर्षी थोडा जवळ यायचा, आणि आक्का म्हणायची, येईल एक दिवस घरात, बसेल जेवायला. लाईनीतले सगळेच समुद्र ओलांडून पोटासाठी आलेले. इथल्या मूळच्या लोकांची घरं वर चढावर होती, मोकळ्या हवेत. ह्यांची खाली, जिथे धूर येऊन बसायचा.

आक्काचा नवरा ह्या सगळ्यांच्या आधी आला होता. इथली भाषा त्याने गाडीवानांशी भांडून भांडून शिकून घेतली आणि त्या भाषेच्या जोरावर मुकादम झाला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कुणाची कुदळ मोडो, कुणाचं पोर तापाने फणफणो, कुणाला साहेबापुढे तोंड उघडायचं असो, मुकादम हजर. रोज सकाळी खाणीच्या तोंडाशी, माणसं खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात चढण्याआधी, तो एकेकाचं नाव घेऊन जागा सांगायचा: तू नव्या गल्लीत, तू उतारावर, तू जुन्या भागात. त्या शब्दावर कुणी हूं की चूं करत नसे. कारण मुकादम एक नियम पाळायचा, आणि तो नियम लाईनीचा स्वतःचा होता.

लाईन नवी असताना एका घरातले बाप आणि दोन मुलगे एकाच जागी खणत होते. छत खाली आलं. घरात बाई तेवढी उरली, आणि चूल पेटवावी असं कारणच उरलं नाही. ती कुठे निघून गेली ते कुणाला कळलं नाही. त्यानंतर सगळे पुरुष बसले आणि ठरवलं, एका चुलीची दोन माणसं एका छताखाली घालायची नाहीत. खाणीत उतरा, एकाच पाळीला उतरा, पण जागा वेगळ्या. वर चढावरचे लोक हसायचे. छत काय घर विचारून पडतं का, म्हणायचे. हसू देत. लाईनीतल्या बायका ह्या नियमावर डोकं टेकून झोपायच्या.

आक्काने आपल्या दोन भावांना इकडे बोलावलं ते ह्याच नियमाच्या भरवशावर. मुकादम स्वतः त्यांना आणायला गेला होता. त्याच्या सासूने आधी एकच देते म्हटलं, एक जमिनीला हवा. मग दोघांची तोंडं बघून विरघळली, पण जावयाचा हात सोडेना. "दोन देतेय. एका वेळी दोन घालवू नका," एवढंच म्हणाली. मुकादमाने शब्द दिला. इकडे परत आल्यावर आक्काने तोच शब्द पुन्हा मागितला, धाकट्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून. त्याने हात ठेवला. "तुझ्या आईचा विश्वास बसला, तुझा नाही," असं म्हणून हसलाही.

मोठा भाऊ इतका उंच की लाईनीने त्याला पहिल्याच दिवशी बांबू नाव ठेवलं. खाणीत उंच माणसाचे हाल कुत्रा खात नाही. कपाळावर एक टेंगूळ बरं होतंय तोवर दुसरं. पण त्याला छताची भाषा कळायची. लाकडी टेकू कुरकुरला की तो हात वर करून ऐकत राहायचा आणि मग म्हणायचा, "अजून बोलतंय, रागावलेलं नाही." म्हणून त्याला जुन्या भागात घातलं होतं. तिथे मागे मागे सरकत ते उरलेले खांब काढायचे, खांब गेला की काही वेळाने छत आपोआप बसायचं. त्याचा जोडीदार खोकल्या, लाईनीतला सगळ्यात जुना माणूस. धाकटा भाऊ नव्या गल्लीत. तो दिवसभर बडबड करायचा आणि कोळसाही तेवढाच काढायचा.

संध्याकाळी दोघं आले की आक्का घंगाळात कढत पाणी ओतायची. धाकट्याचं डोकं ती अजून स्वतः चोळायची, लहानपणासारखं. पाठीला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. पाठ धुतली की पाठीतला जोर जातो, असं खाणीत सगळेच मानत.

"लग्न झाल्यावर बायको पाठीकडून बघेल तर शेजारच्या घरात शिरेल," आक्का म्हणायची.

"मी तिला पाठ दाखवणारच नाही," धाकटा म्हणायचा.

"बांबूचं बरं आहे. त्याची पाठ दिसेपर्यंत तिची मान दुखेल."

बांबू ह्यावर नुसता हसायचा. तो बोलायचा कमी.

त्या हिवाळ्यात खोकल्याची छाती बसली. खाणीत उतरणं राहू दे, दारापर्यंत चालवेना. आणि नेमकं तेव्हाच जुन्या भागाच्या मागच्या टोकाला पाणी वाढायला लागलं. मोठ्या साहेबाने मुकादमाला सांगितलं, पाणी पोचायच्या आत शेवटचे खांब निघाले पाहिजेत. लाईनीत आधी ह्याला विचार, मग त्याला विचार, असं चाललं. कुणाची पाठ धरली, कुणाची बायको पोटुशी. जुन्या भागाचं नाव काढलं की माणसं चपला शोधायला लागायची.

आक्काने जेवताना विचारलं, "मग बांबूबरोबर कोण?"

"मिळाला एक," मुकादम म्हणाला. "पलीकडच्या लाईनीतला. नवा आहे, पण हाताचा चांगला."

"छताचं कळतं त्याला?"

"बांबूला कळतं ना. त्याने फक्त भरायचंय." आणि त्याने ताट पुढे केलं. "वाढ."

तिने वाढलं. तिला काही वेगळं वाटलं नाही. उलट तिने त्या नव्या माणसासाठी एकदा डब्यात जास्तीचं दिलं. दोघं भाऊ घरी आले तेव्हा डबा चाटूनपुसून रिकामा होता. "आवडलं का रे त्याला?" तिने विचारलं. "फार," बांबू म्हणाला आणि मागच्या खोलीत गेला. धाकटा त्या दिवशी गप्प होता. आक्काला वाटलं, दमला असेल.

मग एका संध्याकाळी ती त्याचं डोकं चोळत होती. कानामागे बोट गेलं आणि घसरलं. कोळसा असा घसरत नाही, तो खरखरतो. तिने बोट उजेडात धरलं. अंगठ्याने चोळून बघितलं. राखाडी, गुळगुळीत.

"आज कुठे होतास?"

"नव्या गल्लीत. कुठे असणार."

"नव्या गल्लीत कान कशात घातलास?"

धाकटा हसायला गेला आणि त्याला हसू आलं नाही. आक्का उठली. खुंटीवरची त्याची विजार काढून तिने झटकली. काळा धूर निघाला, नेहमीसारखा. तिने पुन्हा झटकली, मग गुडघ्याच्या जागी नखाने खरवडलं. काळ्याखाली राखाडी.

"वरून कोळशाची पूड चोळलीस?"

"दाजी म्हणाले..."

"गप रे," बांबू दारातून म्हणाला.

"बोलू दे त्याला. दाजी काय म्हणाले?"

धाकट्याने डोक्यावरचं पाणी हातानेच पुसलं. "म्हणाले, आक्काचे डोळे फार बारीक आहेत. वर यायच्या आधी नव्या गल्लीतून फिरून या, कपडे घासून घ्या."

"आणि तो नवा माणूस?"

"नवा माणूस मीच, आक्का."

पाणी चुलीवर उकळत होतं. ते उतरवावं हे तिला सुचलं नाही. बांबूनेच पुढे होऊन उतरवलं. मग तो तिथेच उभा राहिला, मान वाकवून, जसा खाणीत उभा राहायचा.

"तू मोठा ना?" आक्का त्याला म्हणाली. "तू तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"मग दाजींचं मुकादमपण गेलं असतं. घर गेलं असतं. आम्ही त्यांचंच खातो, आक्का."

भिंतीपलीकडे भांडं आपटलं, आणि थोड्या वेळाने लोहारीण आत आली. तिचा नवरा वर भट्टीवर कुदळींना धार लावायचा, आणि कुठल्या जागेची कुदळ कुणाची हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. लोहारणीने आल्या आल्या सांगितलं, "मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"वाटलं असतं तर माझ्याशी बोलली असतीस," आक्का म्हणाली. "तुझ्या पोटात एक दिवस गोष्ट राहत नाही. ही राहिली ती कशी?"

लोहारीण खाली बघायला लागली. म्हणजे सगळ्या लाईनीला ठाऊक होतं. धुण्याच्या दगडावर बायका आक्काच्या बढाईला हसल्या होत्या, त्या दिवसांतही.

मुकादम आला तेव्हा तिने ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि समोर बसली. तिच्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं.

"कुणीच तयार होईना," तो म्हणाला. "मी काय करणार होतो?"

"दुसऱ्या कुणाला नाव घेऊन सांगितलंत का? रोज सांगता तसं, खाणीच्या तोंडाशी?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

"त्यांनी नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "म्हणून सांगितलंच नाही. घरचं माणूस नाही म्हणत नाही, म्हणून घरचं घेतलंत."

"दुसऱ्याच्या घरातलं माणूस तिथे घातलं असतं तर तुला चाललं असतं?"

"दोन घरांची दोन असती. नियम तोच आहे."

"नियम आपणच केला होता ना? देवाने नाही केला."

"शब्द तर तुम्हीच दिला होतात." ती लेकीकडे बघणार होती, पण बघितलं नाही. "अहो, माझ्यापासून चोरून दुसरी बायको केली असतीत तर एवढं वाटलं नसतं. तिला मी झिंज्या धरून बाहेर काढली असती. ह्याला मी कुठे धरू?"

मुकादमाने घास खाली ठेवला. "एकच खांब राहिलाय. तो निघाला की धाकट्याला परत नव्या गल्लीत घालतो. झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का खाणीच्या तोंडाशी गेली. बाईने तिथे उभं राहू नये असा दंडक होता. पुरुष तिच्याकडे बघून बाजूला झाले. मुकादमाने तिला पाहिलं आणि तो नेहमीसारखी नावं घेत गेला. तिला वाटलं, आपल्या तोंडावर तरी तो हे करणार नाही. लाज म्हणून तरी. त्याने सगळ्यांच्या जागा सांगितल्या, मग दोन नावं उरली. त्याने ती खाली बघून घेतली आणि म्हणाला, "जुन्या भागात."

"दोघंही?" आक्काने विचारलं. तिने आवाज चढवला नव्हता.

त्याने पुन्हा म्हटलं, "जुन्या भागात."

धाकटा तिच्या जवळून गेला. "आक्का, घरी जा. लोक बघतायत," तो पुटपुटला. तिला राग आला तो ह्या वाक्याचा. नवऱ्याचं भांडण घरात भांडता येतं. पण ज्याच्या कानामागची माती तिने काढली, त्याला तिची लाज वाटावी? पिंजरा खाली गेला.

दुपारी भोंगा झाला, अवेळी. लाईनीतल्या सगळ्या बायका हातातलं टाकून धावल्या. आक्का सगळ्यांच्या मागून चालत गेली. कुठे, कोण, हे तिला विचारायचं नव्हतं.

झालं ते असं. शेवटचा खांब निघाला होता. दोघं मागे सरकत, पुन्हा वापरायला म्हणून टेकू काढून घेत होते. एक टेकू अडकला, बांबू त्यासाठी परत फिरला, आणि वरून दगड सुटून त्याच्या पायावर बसला. सगळं छत आलं नाही, पण येतच होतं. खडे गळत होते, टेकू एकेक करून मोडत होते. बाहेरच्या गल्लीतून माणसं ओरडत होती, निघ, निघ. धाकटा निघाला नाही. पहार घालून त्याने दगड उचलला, भावाला काखेत धरून फरफटत काढलं, आणि ते दोघं मोकळ्या जागेत येतात तोच मागे छत बसलं. त्या वाऱ्याने सगळ्यांचे दिवे विझले.

मुकादम स्वतः खाली उतरला होता. स्ट्रेचरचं पुढचं टोक त्याच्याच हातात होतं, आणि दोन्ही हातांची नखं फुटली होती. हे आक्काने पाहिलं. पाहिलं नाही असं तिने कधी म्हटलं नाही.

बांबूचा पाय राहिला, वाकडा राहिला. त्याला पुढे दिव्यांच्या खोलीत काम दिलं, दिवे पुसायचं आणि भरायचं. मोठा साहेब लाईनीत आला, धाकट्याची पाठ थोपटून गेला. हात काळा झाला तो रुमालाने पुसला. घरात माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, दुसरा कुणी असता तर पळाला असता. सख्खा भाऊ होता म्हणून राहिला.

मुकादम ही गोष्ट सांगायला लागला. पहिल्यांदा सांगितली तेव्हा, "काय करणार, नाइलाज होता, कुणी मिळेना," असं होतं त्यात. पुढच्या वेळी नाइलाज गळाला. मग, "मी म्हटलं, अशा जागी रक्ताचंच माणूस हवं," असं आलं. शेवटी शेवटी तर त्याने आधीपासून विचार करून, साहेबाशी वाद घालून, दोघांना एकत्र ठेवलं होतं. आक्का चुलीपाशी बसून ऐकायची. ती धाकट्याकडे बघायची, हा आता तरी काही म्हणेल म्हणून. धाकटा मान डोलवायचा. त्या गोष्टीत तो शूर होता; कोण नाही म्हणेल?

एकदा सगळे गेल्यावर मुकादम तिच्याजवळ येऊन बसला. "तू काहीच बोलली नाहीस," तो म्हणाला. "दोघं वेगळे असते तर आज बांबू असता का?"

"नसता."

"मग?"

"वाचला तो धाकट्याच्या हातांनी. तुम्ही ठेवलंत ते त्याला वाचवायला नव्हतं ठेवलं."

"पण वाचला ना?"

"वाचला," ती म्हणाली, आणि उठून भांडी घासायला गेली.

त्यानंतर तिने घर चालवलं, त्याचं दुखणंखुपणं काढलं, आणखी दोन लेकरं झाली. चारचौघांत त्याच्या विनोदांना हसायचीही. फक्त, आज कोण कुठे होतं, हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही. कपडे आले की न बघताच पाण्यात बुडवायची.

नियम मोडायला फार वेळ लागला नाही. आधी एका घराने बाप-लेक एकत्र मागितले. मग दुसऱ्याने. धोक्याच्या जागी आपला माणूस बरा, असं लाईन म्हणायला लागली, आणि वर्ष सरता सरता हेच आपल्या वाडवडिलांपासून चालत आलंय असं वाटावं इतकं पक्कं झालं.

लोहारीण आली ती दिवसाउजेडी, हात पुसत, जशी कधीही यायची. तिचे दोन मुलगे आता खाली जात होते, एक उतारावर, एक नव्या गल्लीत.

"आक्का, मुकादमांना एक सांगशील? माझ्या दोघांना एका जागी द्या म्हणावं. धाकटा घाबरतो गं एकटा."

"त्यांनाच सांग. आत आहेत."

"तू सांगितलंस तर वेगळं. तुझा शब्द ते मोडणार नाहीत."

आक्काने तिच्याकडे बघितलं. लोहारीण गमतीत बोलत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं.

"एकत्र मागू नकोस," आक्का म्हणाली. "माझं ऐक. वेगळे राहू देत."

"अगं, तूच असं म्हणतेस? तुझ्या घरात तर..."

"माझ्या घरात काय झालं ते तुला माझ्या आधी ठाऊक होतं."

लोहारणीने पुन्हा हात पुसले. मग आक्काला ओलांडून आतल्या खोलीच्या दारापाशी गेली आणि तिने मुकादमाला हाक मारली. आक्का जिथे होती तिथेच राहिली. आतून खुर्ची सरकली. लोहारणीचं सगळं बोलणं त्याने मध्ये न तोडता ऐकून घेतलं. तो नेहमीच ऐकून घ्यायचा, म्हणून तर माणसं त्याच्याकडे यायची.

"देऊ की," तो म्हणाला. "भावाला भाऊ हवाच. उद्यापासून दोघंही उतारावर."

"आक्का नको म्हणते."

"तिचं मनावर घेऊ नका," मुकादम म्हणाला, अगदी मायेने. "तिला त्या दिवसापासून भीती बसलीय."